पिळायचं फडकं

"हात नका लावू, जाऊबाई. पडदा फाटंल."

सत्यभामानं हात मागे घेतला. धाकट्या जावेनं, अयोध्यानं सांगावं, आणि तेही या शेडमध्ये, जिथं तिला सत्यभामानंच शब्द टाकून चिकटवलं होतं! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सहकारी साखर कारखान्याच्या या शेडमध्ये साखरेच्या पाण्यात जंतू वाढवून औषधांसाठी डिंक करत. आंबलेल्या पाण्यात स्पिरिट ओतलं की डिंकाचा लगदा जमे आणि सत्यभामा तो फडक्यात घालून पिळून काढी. तिच्यासारखं कोरडं पिळणं कुणाला जमत नसे. मग पुण्याहून गाळणाऱ्या बारीक पडद्याची नळी आली. पंप सुरू केला की पाणी पडद्यातून निथळून जाई, डिंक मागं राही. पिळणं संपलं. अयोध्या दहावी पास, म्हणून नळी तिच्या ताब्यात. सत्यभामाच्या हाती झाडू. साहेबांनी बजावलं होतं, पडदा कायम टबातल्या पाण्यात बुडालेला हवा. वाळला की वाया गेला.

रविवारी अयोध्या माहेरी, बेंबळीला गेली. सत्यभामा झाडायला आली तर टबाची तोटी गळून नळी अर्धी उघडी पडलेली. टाकी कोरडी, दुष्काळात टँकरचाही पत्ता नाही. पाणी होतं ते तिच्या घागरीत, पहाटेपासून विहिरीवर ताटकळून घरासाठी भरलेलं.

ती खाली बसली. वाळू दे. अयोध्याचं नाक कापलं जाईल, फडकी परत येतील. नुसत्या विचारानं तिला गार वाटलं.

पण डोळ्यांदेखत काम नासू द्यायची तिच्या हातांना सवयच नव्हती. "मर मेली," असं पुटपुटत तिनं तोटी चिंधीनं आवळली, टबावर आपलं जुनं फडकं धरलं आणि अख्खी घागर गाळून आत ओतली.

सोमवारी तोटीची चिंधी आणि भरलेला टब पाहून साहेब खूश झाले. "शाबास, अयोध्याबाई! सुट्टीतही पडदा ओला ठेवलात."

अयोध्याची नजर टबाच्या काठावरच्या फडक्यावर गेली, मग जावेवर.

"व्हय साहेब. ध्यान ठिवावंच लागतंय."

"आणि हे काय इथं? फेकून द्या."

अयोध्यानं दोन बोटांनी फडकं उचलून कोपऱ्यात टाकलं.

सत्यभामाला वाटलं, ती घागर टबात नव्हे, हिच्या डोक्यात घालायला हवी होती. झाडत झाडत ती कोपऱ्यापाशी आली. फडकं केव्हाच वाळलं होतं. तरी तिनं ते पीळ भरून पिळलं, झटकलं आणि जुन्या खिळ्याला अडकवलं.