खंड्याची मान

"ढोंगी हाय त्ये! निस्तं ढोंग!" म्हणत बब्रुवाननं खंड्याच्या पट्ट्याला हिसका दिला आणि कुत्रं असं केकाटलं, की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली.

तामलवाडीच्या पुढं, माळाच्या कडेला बब्रुवानची वस्ती. त्याची बायको कमलबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत आली.

"अवो, सोडा की! दुखतंय त्येला कायतरी."

"कुठं दुखतंय? ना जखम, ना सूज. खाऊन माजलंय."

खाऊन कसलं माजतंय! भाकरी पुढ्यात, पोटात आग, पण खंड्याची मान खाली जाईना. पुढचा पाय उचलून धरायचा, खांद्यावरची कातडी आपोआप थरथरायची. मानेला हात लावला की ओळखीच्या माणसालाही दात दाखवायचा. बब्रुवानकडं सगळ्याला औषध एकच. त्यानं विळा चुलीत लाल केला आणि कुत्र्याच्या मानेला डाग दिला. खंड्या त्याच्या मनगटाला डसला, आणि तेव्हापासून बब्रुवान त्याच्या वाईटावर होता.

म्हैस गाभण आहे का बघायला जनावरांचा डॉक्टर आला, तेव्हा कमलबाईनं भीत भीत विचारलंच. त्यानं खंड्याला चालवून बघितलं, मणक्यावरून अलगद बोटं फिरवली.

"मावशी, मानेतली नस दाबलीय. हे दुखणं आतलं, वरून दिसत नाही. पट्टा काढा, मान ओढली जाऊ देऊ नका. खायला उंचावर द्या, ह्या गोळ्या चारा. वाकून खायला लागला की समजायचं, नस सुटली."

कमलबाईनं पाटी पालथी घालून तिच्यावर थाळी मांडली. गोळी गुळात लपवली, खाली मऊ चवाळं अंथरलं. तिला लेकरू नव्हतं, आणि बब्रुवान ते रोज ऐकवायचा.

"मानसाला पोर न्हाय आन् कुत्र्याला पाळना!"

पुढं मक्यात रानडुकरं उतरली. बब्रुवाननं विष कालवलेले पिठाचे गोळे बांधावर टाकले आणि बजावलं, "कुत्रं बांधून घाल. मागनं बोंबलू नगंस."

कमलबाईनं पट्टा हातात घेतला. तो बघूनच खंड्या अंग चोरून मागं सरला. तिचा जीव कळवळला.

"र्‍हाऊ द्या. त्येला कुठं वाकता येतंय? भुईवरचं तोंडात घेतच न्हाय त्यो," म्हणत तिनं पट्टा खुंटीला अडकवला.

सकाळी ती शेण काढत होती. खंड्या बांधाकडं निघाला, चारी पाय टेकवत, शेपूट हलवत. बांधावर थांबला. त्याची मान हळूहळू खाली गेली आणि पार भुईला टेकली.

"वाकला! माझा खंड्या वाकला गं बाई!" कमलबाईला आनंद मावेना. डॉक्टरचा शब्द खरा झाला होता. मग खंड्यानं तोंड वर केलं. मिशांना पीठ लागलं होतं.

ती ऊर फुटेस्तोवर पळाली, जबड्यात बोटं घातली. त्यानं गिळलं होतं. ऊन चढेपर्यंत तो तिच्यासमोर पाय झाडत राहिला. मान दुखू नये म्हणून तिनं चवाळ्याची घडी करून मानेखाली दिली होती.

बब्रुवान दात घासत आला. पायानं कुत्रं हलवून बघितलं, पिचकन थुंकला.

"वाकलं का न्हाय शेवटी? म्या म्हनत व्हतो न्हवं, ढोंग हाय म्हनून?"