दहा फुटांचं फाटक

थोरल्याने दोन्ही दांड्या मागे ओढल्या आणि खडी उचलायचं ते बुटकं पिवळं लोडर लोखंडी फळ्यांवरून उलटं ट्रकवर चढू लागलं. मान वळवली की पाठीतून कळ निघायची, म्हणून मागचं सांगायला बायको उभी होती. सांगत होती ती, पण कसं!

"या, या... अहो, नको! थांबा! नाही, या!"

"अगं, एक काय ते ठरव!"

ट्रकवाल्याने कपाळाला हात लावला. ज्याच्याकडून यंत्र विकत घेतलं होतं तो म्हातारा ठेकेदार हसत हसत पुढे झाला, आणि त्याच्या इशाऱ्यांवर लोडर एकदाचं वर गेलं. थोरला घामाघूम होऊन उतरला. एके काळी बोळातून भरलेला ट्रक उलटा घालताना त्याला आरशात बघावं लागत नसे. तेव्हा मागे धाकटा भाऊ असायचा. "येऊ दे, येऊ दे," असा लांब हेल काढायचा, आणि "बस" म्हणाला की ट्रक आणि भिंत यांच्यात बोटभर जागा उरलेली असायची. पण ते जाऊ दे.

"फाटक केवढं आहे तुमचं?" साखळ्या आवळताना ठेकेदाराने विचारलं. "नाहीतर घरी नेऊन पंचाईत व्हायची."

"दहा फूट," थोरला ताबडतोब म्हणाला. "आमच्या आवारात भरलेला ट्रक जातो."

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि ती गुपचूप ट्रकमध्ये जाऊन बसली.

वाटेत थोरला दर थोड्या वेळाने मागच्या काचेतून लोडरकडे बघत होता. तसं यंत्र जुनंच. बकेटची कड झिजलेली, बैठक फाटलेली, पण इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टरने सांगितलंच होतं, आता फावडं हातात धरलंत तर पुढच्या वेळी मला तुम्हाला स्ट्रेचरवर बघावं लागेल. पण घर जवळ येऊ लागलं तसा तो बसल्या जागी चुळबुळ करायला लागला.

"तो घरी असेल का गं?"

"कोण?"

"कोण काय! माहीत नसल्यासारखं विचारतेस."

"असला तर असला. चोरीचा माल आणतोय का आपण?"

चोरीचा असता तर परवडला असता, असं त्याच्या मनात आलं. वाळू-खडीचं दुकान वडिलांनी दोघा भावांच्या हाती दिलं होतं, आणि त्याचे दोन तुकडे झाले ते याच यंत्रापायी. धाकटा म्हणायचा, दादा, एक छोटं लोडर घेऊ, खडी उपसून उपसून कंबर मोडतील आपल्या. थोरला ऐकेना. आपण कमावलेलं अंग, त्याचा त्याला भारी तोरा! एक दिवस शब्दाला शब्द वाढला आणि हा गिऱ्हाइकांसमोर बोलून गेला, "ज्याच्या मनगटात दम नाही, त्याला यंत्र लागतं. मी जिवंत असेपर्यंत या आवारात यंत्र येणार नाही." धाकटा पांढराफटक पडला. म्हणाला, "मग माझं अर्धं आवार मला वेगळं दे." थोरल्याने उचलली जीभ लावली होती टाळ्याला, पण त्यानंतर दोन घरांत शब्द म्हणून उरला नाही. पुढे धाकट्यानेही यंत्र घेतलं नाही. एकट्याला ते झेपण्यासारखं नव्हतंच. पलीकडून त्याच्या फावड्याचा खरखराट रोज ऐकू यायचा, आणि थोरला अलीकडे आपलं फावडं जरा जास्तच जोरात चालवायचा.

ट्रक घरापाशी थांबला. लोडर खाली उतरलं, थोरल्याने ते फाटकाकडे वळवलं आणि जागच्या जागी थांबवलं.

समोर फाटक होतं. अर्धं.

दुसरं अर्धं भिंतीपलीकडे, धाकट्याच्या वाटणीत. दोघांनी मिळून दोरी धरली होती, कुणाला बोटभर जास्त जायला नको म्हणून, आणि भिंत फाटकाच्या ऐन मधोमध आणून टेकवली होती. तेव्हापासून दोघांचीही खडी रस्त्यावरच उतरायची आणि घमेल्याघमेल्याने आत जायची. दहा फूट म्हणे! लोडरची बकेट एका बाजूला खांबाला आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकली असती, तरी वर उरली असती.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं ऐकलं होतं," ट्रकवाला म्हणाला. "इथे शेपूटसुद्धा जाईना की!"

थोरल्याने इंजिन बंद केलं.

"तुझ्या तरी लक्षात यायला नको?" तो बायकोवर डाफरला.

"आलं होतं. तिथेच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आमचं फाटक म्हणालात. दहा फूट म्हणालात." ती जमिनीकडे बघत होती. "इतक्या वर्षांनी ऐकलं. मोडवेना मला."

तो काही बोलणार, तेवढ्यात पलीकडचं फाटक करकरलं आणि धाकटा बाहेर आला. एक हात कमरेवर. आताशा तोही जरा वाकूनच चालत होता. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. लोडरभोवती फिरला, बकेटच्या कडेवरून अंगठा फिरवला, टायरवर चप्पल आपटली.

"टायर गेलेत," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळायला मार्ग नव्हता.

"बदलायचेत," थोरला म्हणाला.

थोरल्याने बैठकीच्या फाटक्या कडेतला स्पंज उपसला, बोटांत चुरगळला. वरून बोलणं बरं दिसेना, म्हणून पाठ सांभाळत खाली उतरला आणि धाकट्यासमोर उभा राहिला.

"तुझंच खरं होतं," तो म्हणाला. "चारचौघांत बोलायला नको होतं मी. मनगटाचं."

धाकट्याचा जबडा हलला. वाटलं, आता हा तोंड सोडणार, आणि सोडलं असतं तरी थोरला मुकाट ऐकून घेणार होता. पण तो वळला आणि आपल्या फाटकातून आत निघून गेला.

"राहू दे," थोरला बायकोला म्हणाला. "परत चढवू ट्रकवर."

तो कसाबसा बैठकीत चढला. इंजिन सुरू केलं. तेवढ्यात पलीकडे खडखड झाली. धाकट्याने आपलं फाटक बिजागऱ्यांवरून उचलून बाजूला टेकवलं, भिंतीलगतची घमेली पायाने लांब ढकलली आणि तो आत, बराच मागे, थोरल्याला नीट दिसेल असा उभा राहिला. दोन्ही हात वर केले.

"येऊ दे, येऊ दे!"

तोच हेल.

"अरे, मध्ये भिंत आहे!"

"दिसतेय मला," धाकटा ओरडला. "लाव बकेट तिला. दादा, तू येऊ दे."