लवंग जास्त झालेला चहा

दिवाळीनंतर तानाबाईंना लकवा मारला. यवतमाळच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा उजवा हात उचलत नव्हता आणि वाचा गेली होती. मुलगी निकिता थोडे दिवस राहून सासरी परतली. बोरी अरब गावातल्या घरात त्या आणि त्यांचे यजमान मारोतराव दोघंच उरली. मारोतरावांनी उभ्या जन्मात गॅस पेटवला नव्हता.

पहिल्याच सकाळी त्यांनी गंजातल्या थंड दुधात अद्रक किसून टाकलं आणि गंज गॅसवर ठेवला. दूध फाटलं. पुन्हा केलं, पुन्हा फाटलं. ते ओट्याला टेकून नुसतेच उभे राहिले. तेवढ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरून रोज दूध घेऊन येणारी सुखीबाई दारात आली.

"भाऊ, अद्रक आधी पान्यात उकळू द्या. मंग पत्ती, साखर. दूध सगळ्यात शेवटी," ती म्हणाली. "आमी बडीसोप टाकतो. पन वहिनी इलायची टाकत. दारापर्यंत वास ये."

तेव्हापासून दूध देऊन झालं तरी ती थांबायची, चहा होईपर्यंत. तानाबाई खाटेवरून बघत आणि डाव्या हातानं कप धरून निमूट पीत. चहा जमला की फसला, कळायला मार्ग नव्हता.

एका कडक थंडीच्या सकाळी मारोतरावांना वाटलं, आज मसाला जरा सढळ टाकावा. इलायची कुटून टाकली. एक लवंग टाकली, मग दुसरी. तिसरी टाकणार तोच मागून आवाज आला.

"बस."

"ये याडी, माय वं!" सुखीबाईनं तोंडाला पदर लावला. तानाबाई स्वतःच दचकल्या होत्या.

"काय म्हनलं तू?" मारोतरावांनी विचारलं. तानाबाईंचे ओठ हलले, पण शब्द निघेना. मग त्यांच्याकडे बघत बघत मारोतरावांनी तिसरी लवंगही सोडली.

"बस!" तानाबाई चिडल्याच.

मारोतराव हसायला लागले आणि हसता हसता रडले.

चहा इतका तिखट झाला, की पहिल्याच घोटाला सुखीबाईला ठसका लागला. तरी तिघांनीही कप रिकामे केले. ती निघाली तेव्हा मारोतरावांनी हात जोडले.

"काहून हात जोडता, भाऊ? म्या काय केलं?"

"तू थांबली ना," ते म्हणाले. "दूध देऊन निघून जाता येत होतं तुले."

हळूहळू आणखी शब्द आले. उजवा हात मात्र तसाच राहिला. उन्हाळ्यात निकिता आली, तिनं पहिला घोट घेतला आणि वडलांकडे बघतच राहिली.

"बाबा, हा तं आईच्या हातचा चहा आहे!"

मारोतराव काही बोलायच्या आत तानाबाईंनी एकेक शब्द जुळवत सांगितलं, "सुखीनं... शिकोलं."