लोहा आणि नवा माणूस

सुगत सहा वर्षं ‘शून्यलोक’मध्ये काम करत होता आणि सहा वर्षांत त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. हैदराबादेत तयार होणाऱ्या त्या विज्ञान मालिकेत तो लोहा नावाचा यंत्रमानव व्हायचा. डोक्यापासून पायापर्यंत पत्र्याचा साज. आवाजसुद्धा त्याचा नव्हे. मागाहून स्टुडिओत दुसराच कुणी भरायचा. “तो लोहा म्हंजे मीच,” असं तो आपल्या गावी, बीदरजवळच्या कमठाण्यात सांगायचा, तेव्हा लोक मान डोलवायचे आणि एकमेकांकडं बघून हसायचे.

नव्याण्णव साली मालिकेत नवं पात्र आणायचं ठरलं. नील, ग्रह नष्ट झाल्यानं एकटा उरलेला तरुण. बिनमुखवट्याचा. सुगतनं हिय्या करून दिग्दर्शकाकडं ते काम मागितलं.

“नील चोवीस वर्षांचा आहे, सुगत. तुझी चौतिशी उलटली,” दिग्दर्शक म्हणाला. “आणि लोहाची चाल दुसऱ्या कुणाला जमणार? तुमच्या बीदरकडचं कुणी पोरगं असलं तर सुचव.”

सुगतच्या पिशवीत महांतेशचा फोटो होता. महांतेश बीदरच्या वाटेवरच्या नौबादला एका फोटो स्टुडिओत कामाला होता. बीदरच्या हौशी नाटकांत सुगतनंच त्याला उभं राहायला, बोलायला शिकवलं होतं. दोन वर्षं तो मागं लागला होता, “अण्णा, तिकडं माझं नाव तेवढं सांगा.” फोटो कुठंतरी टेबलाच्या खणात पडून राहील, अशा हिशेबानं सुगतनं तो दिला.

सोमवारी दुपारी कमठाण्याच्या घरी फोन वाजला. शुक्रवारी सकाळी दहाला महांतेशनं चाचणीला यावं. त्याच्याकडं फोन नव्हता, म्हणून निरोप सुगतकडं.

मंगळवारी सुगत बीदरला जाताना महांतेशच्या फोटो स्टुडिओपुढून गेला. काचेआड महांतेश कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम चिकटवत बसला होता. त्यानं हात केला. सुगतनंही हात केला आणि सायकल थांबवली नाही. बुधवारी तो त्या रस्त्यानं गेलाच नाही.

गुरुवारी दुपारी पुन्हा फोन आला. तो बायकोनं, प्रेरणानं घेतला.

“महांतेशला उद्या बोलावलंय म्हणे. ते विचारायलेत, निरोप दिला का?”

“दिलो की,” सुगत म्हणाला.

“मग ते कामून विचारायलेत?”

तिनं नजर हटवली नाही. सुगत उठला, चप्पल घातली आणि नौबादची वाट धरली.

महांतेशला तयारीला वेळच मिळाला नाही. तो अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये चढला, जहिराबादपर्यंत उभ्यानं गेला, रात्रभर हैदराबादच्या स्टँडवर बसला आणि तसाच, तारवटल्या डोळ्यांनी, उपाशी, कॅमेऱ्यापुढं गेला. दिग्दर्शक म्हणाला, घरदार गमावलेला माणूस असाच दिसतो. बाकीची पोरं केस विंचरून आली होती. निवड महांतेशची झाली.

हे ऐकल्यावर सुगत ताटावरून उठला. महांतेशला अडवायला ज्या तीन दिवसांत निरोप दाबला, तेच त्याला आत घेऊन गेले होते. वर महांतेशची आई, बाणूबाई, पुरणपोळ्या घेऊन कमठाण्याला आली. “तुमी धावत आलाव म्हणून लेकराचं भलं झालं,” म्हणाली. प्रेरणा चुलीकडं तोंड करून बसली.

महिन्याभरानं चित्रीकरण बीदरबाहेरच्या लाल मुरमाच्या माळावर लागलं. मालिकेत तो माळ म्हणजे परका ग्रह. प्रसंग असा, की लोहा नीलला सांगतो, तुझा ग्रह आता उरला नाही. नील ऐकतो आणि कोसळतो.

महांतेश कोसळेना. सात वेळा घेतलं. चेहरा पाटीसारखा कोरा. दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं. “जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही तर हैदराबादहून दुसरा मागवतो.”

पत्र्याच्या आत घामानं निथळत सुगत उभा होता. महांतेशचं काम जायला त्याला काहीच करायचं नव्हतं. फक्त आणखी एकदा तसंच उभं राहायचं.

महांतेश जवळ आला आणि हळूच म्हणाला, “अण्णा, मला काईच कळंना झालंय. तुमीच सांगा.”

कॅमेरा सुरू झाला. लोहाला मान तीनदा हलवायची होती. ओठ दिसत नव्हते, आवाज घेतला जात नव्हता. सुगतनं मान हलवली आणि बोलला, “महांतेश, फोन सोमवारीच आल्ता. मी तुला बघूनबी थांबलो न्हाई. प्रेरणानं पकडलं म्हणून आलो. तू जाऊ नये, असं वाटायलं होतं मला. आताबी वाटायलंय.”

महांतेश त्या पत्र्याकडं बघत राहिला. आधी काही समजलंच नाही असा. मग उमगलं. तो एक पाऊल मागं सरला, गुडघ्यावर आला आणि माती मुठीत धरून रडला.

दिग्दर्शक धावत गेला आणि त्यानं महांतेशला मिठी मारली. भोवती सगळे जमले. सुगतनं स्वतःच मुखवटा उतरवला.

बऱ्याच वेळानं महांतेश त्याच्याकडं आला. डोळे अजून लाल होते.

“खरं व्हय ते, अण्णा?”

“व्हय.”

“माझी आई पोळ्या घेऊन आल्ती तुमच्याकडं.”

सुगतनं हातातला मुखवटा मुरमावर ठेवला.

“मीबी जळत होतो तुमच्यावर,” महांतेश म्हणाला. “लोहा आला की टीव्ही बंद करत होतो. पण निरोप दाबला नसता.” आणि तो पुढच्या प्रसंगाला निघून गेला.

तो भाग लागला तेव्हा बीदरात महांतेशला लोक थांबवून हात मिळवू लागले. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या बसमध्ये सुगत चढला, तर दोन पोरी महांतेशची सही घेत होत्या. महांतेशनं शेजारच्या जागेवर रुमाल टाकला होता. त्यानं सुगतकडं बघितलं, मग रुमालाकडं.

सुगतच्या छातीत पुन्हा तसंच भडकलं. तो मागं जाऊन एका म्हातारबाशेजारी बसला. जहिराबाद येईपर्यंत तो त्या पोरींच्या हसण्याकडं कान देत होता. तिथं पोरी उतरल्या. रुमाल तिथंच होता. सुगत उठला, पुढं गेला, रुमाल उचलून महांतेशच्या हातात दिला आणि बसला. दोघं खिडकीबाहेर बघत राहिले.