वाकळीच्या पोटातला घास

वाकळ शिवून होत आली की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी तिच्या पोटात एक घास ठेवायचा असतो. पोळीचा, गुळाचा, काहीतरी गोडाचा. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची ऊब खाते, असं माझी आई सांगायची. आईनं पुष्कळ सांगितलं, त्यातलं मी निम्मं ऐकलं. हे त्या निम्म्यातलं.

ही वाकळ मी सासूसाठी शिवत होते. नाव पद्माबाई, पण मी आत्याबाईच म्हणते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खिडकीखालच्या खाटेवर होत्या, आणि सासरे गेल्यापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं. चतकोर भाकरी दुधात कुस्करून पुढं केली तरी तोंड भिंतीकडं. बाळापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर म्हातारी दिवाळी बघणार नाही.

दर बुधवारी हिंगोलीहून निता यायची. ती पायाचे व्यायाम घ्यायची आणि सोबत खारी नावाची तिची कुत्री आणायची. आजारी माणसाजवळ कसं बसावं हे खारीला शिकवलेलं होतं. ती यायची, माणसाच्या मांडीवर हनुवटी ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची. डॉक्टरला जमंना ते आता कुत्रं करणार का, असं आमचे मालक म्हणाले खरे. पण आत्याबाईंची बोटं हलायची ती फक्त खारीच्या कानामागं, हे त्यांनीही पाहिलं होतं.

सासरे, म्हणजे संतराम मामा, वाचणारा माणूस. दुपारचं जेवण झालं की ग्रंथालयातलं पुस्तक काढून आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचे. आत्याबाई दुसऱ्या पानाला घोरायला लागायच्या. मामा वाचतच राहायचे. पान उलटताना बोट जिभेला लावायचे, त्यामुळं त्यांनी वाचलेलं पुस्तक कोपऱ्यांवरून ओळखू यायचं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी दाराआड सुई चालवत त्यांच्या तोंडून शिकले. शेवटी एका नावाड्याची कादंबरी चालली होती. थोडीच पानं उरली आणि मामा गेले. खुणेचं एसटीचं तिकीट तिथंच राहिलं. पुढचं मी वाचून दाखवते म्हटलं, तर आत्याबाईंनी पुस्तकावर हात ठेवला. ते त्यांचं आहे, म्हणाल्या.

मामांचं पहिलं पित्तर आलं. पत्र्यावर पत्रावळ ठेवली, पण कावळा काही शिवेना. मालकांनी हात जोडून सगळं कबूल केलं, आईला सांभाळतो, बांधाचं भांडण मिटवतो. कावळा मान वाकडी करून नुसता बघत राहिला. पुस्तकाचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. शेवटी गाईला घालू म्हणून मी पत्रावळ उतरवली आणि खिडकीत ठेवली.

त्याच दुपारी वाकळीचा शेवटचा कोपरा आला. आत मामांची धोतरं, वर आत्याबाईंचं लुगडं. घास मी ठेवते, असं आत्याबाई आपणहून म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी काही मागितलं होतं. मी गुळाचा खडा आणायला आत गेले, येऊन बघते तर घास ठेवून झालेला आणि कोपरा त्यांच्या मुठीत. मी टाके घालून टाकले. गाईकडं जायला पत्रावळ उचलली तेव्हा पुरणपोळीचा तुकडा मोडलेला दिसला. मामांच्या नावानं वाढलेला घास वाकळीच्या पोटात गेला होता.

उसवावं असं मनात आलं. पण संध्याकाळी आत्याबाईंनी भाकरी मागितली. अर्धी खाल्ली आणि अर्धी, कुणासाठी ठेवावी तशी, ताटाच्या पलीकडच्या कडेला सरकवली. जित्या माणसाच्या तोंडात घास जात असताना मी कशाला सुरी घेऊ?

बुधवारी खारी आली. आत्याबाईंना ओलांडून ती खाटेच्या मोकळ्या बाजूला गेली. तिथं वाकळ सपाट पसरलेली होती. खारीनं हनुवटी ठेवली, पण वाकळीवर नाही. वाकळीच्या चार बोटं वर, अधांतरी. डोळे मिटलेले, शेपूट हळूहळू हलतंय. निता आधी हसली. मग खारीच्या कानामागचे केस दबायला लागले, उठायला लागले, परत दबायला लागले. आत्याबाईंचे दोन्ही हात वाकळीच्या आत होते. निता त्या दिवशी चहा न घेता गेली.

मग मी पुस्तक बघितलं. तिकीट पुढं सरकलं होतं आणि मधल्या पानांचे कोपरे ओले होते.

आत्याबाईंच्या अंगावर मांस धरायला लागलं. बोलायला लागल्या. भाजीत मीठ कमी म्हणून मला टोमणेही मारायला लागल्या, तेव्हा मला रडू आलं. दुपारी माझा डोळा लागला की पलीकडून पान उलटल्याचा आवाज यायचा. आणि एके दिवशी त्यांच्या केसांना तेल लावताना त्या सहज बोलल्या.

"आता थोडंच राह्यलं. पुस्तक सरलं की जातो आमी."

"आमी म्हणजे कोण?"

"आमी दोघं. एकट्यानं जाऊन ते वाचून कुणाला दाखवतील?"

त्या शांतपणे म्हणाल्या, बाजाराला जायचं असावं तसं. माझ्या हातातलं तेल सांडलं. त्या झोपल्यावर मी पुस्तकाचं शेवटचं पान फाडलं. ग्रंथालयाच्या पुस्तकाला मी आजवर घडीसुद्धा घातली नव्हती. माझ्यासाठी एक वाकळ अर्धी शिवून ठेवली होती, तिच्या थरात ते पान घातलं आणि वरून धावदोरा मारला.

त्यानंतर दुपारी पानाचा आवाज बंद झाला. त्याऐवजी चालण्याचा सुरू झाला. कपाटापाशी, माळ्याखाली, चुलीपाशी. घरात माणूस चष्मा शोधतं तसं. आत्याबाई माझ्याकडं बघत राहायच्या.

निता परत येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. खारीनंच ओढत आणलं, म्हणाली. मी कोपऱ्यात माझी वाकळ मांडीवर घेऊन शिवत होते. खारी खाटेपाशी गेली, तिथून वळली आणि कुणाच्या तरी पायाशी पाय जुळवत सावकाश माझ्याकडं आली. माझ्यासमोर बसली. हनुवटी हवेत टेकवली. माझ्या मांडीवरची वाकळ एका ठिकाणी, बरोबर त्या पानावर, बोटानं चाचपावी तशी दबली.

"दे त्यांना," आत्याबाई म्हणाल्या. "काहून अडवून राहिलीस लेकरा?"

माझी सुई थांबली. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या माणसानं मला वाचायला लावलं होतं, आणि वाचणाऱ्या माणसाची नड मला ठाऊक होती.

"देते, मामा," मी म्हटलं. "पान हितंच हाये, कुठं जात न्हाई. पण आत्याबाई पुस्तकभर घोरत होत्या. त्यांना विचारा, नावाड्याचं नाव काय?"

 आत्याबाई लुगड्याचा पदर तोंडाला लावून, लग्नातल्या नवरीसारख्या, हसायला लागल्या.

"न्हाई बा ध्यानात," त्या मोकळ्या बाजूला वळून म्हणाल्या.

माझ्या मांडीवरचा दाब हळूच उठला. खारी उठली आणि खाटेकडं परत गेली.

निता गेल्यावर मी पुस्तक उघडलं. तिकीट पहिल्या पानात होतं आणि पानाचा कोपरा ओला होता.

रात्री आत्याबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या अर्ध्या भाकरीवर मी तूप वाढलं आणि ताट पलीकडच्या बाजूला सरकवलं.