मागच्या खोलीतल्या अक्षता

थोरली गोदावरी विधवा होऊन कल्याणला माहेरी परतली, त्याला फार दिवस झाले नव्हते. तिच्या लग्नात गुणाजीची सनई वाजली होती. तीच सनई पुन्हा ऐकून पोरीच्या जिवाला घरं पडतील, या भीतीने त्र्यंबकरावांनी धाकट्या वेणूच्या लग्नाला मुंबईचा इंग्रजी बँड ठरवला. गोदावरीला विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

रिवाजाप्रमाणे गोदावरी मागच्या खोलीतच बसली. मांडवात जागा नव्हती म्हणून बँडही मागच्या अंगणात बसवला होता, आणि तो दिवसभर दणाणत राहिला.

पाठवणी झाल्यावर त्र्यंबकराव तिच्यासाठी ताट घेऊन आत गेले.

"अण्णा, वेणूचं लग्न लागलं का?"

"अगं, ती सासरी गेलीसुद्धा. तुला कळलं नाही?"

"कसं कळणार? गुणाजी मंगलाष्टकांना थांबतो आणि माळ पडली की पुन्हा वाजवतो. त्यावरून मी इथूनच अक्षता टाकणार होते." ती कसनुसं हसली. "हे मेले थांबलेच नाहीत."

तिने मूठ उघडली. घामाने भिजलेल्या अक्षता तळव्याला चिकटून बसल्या होत्या.