दांडीचं लाकूड

"हं, आता ऐक. पाठ फिरव बघू," कारागीर म्हणाला आणि बायकोची खुर्ची त्यानेच हळूच भिंतीकडे वळवली.

तिने पाठ फिरवूनच बसायचं, हा दोघांचा जुना शिरस्ता. वाद्याच्या दांडीचं लाकूड बघायचं नसतं, ऐकायचं असतं, हे तिचं म्हणणं. त्याने फळी दोन बोटांत लटकती धरायची, बोटाच्या पेराने वाजवायची आणि तिने न बघता सांगायचं, "हे नको," नाहीतर, "हे ठेवा." नाव झालं ते कारागिराचं, पण कान तिचे. रंधा, पटाशी, सरस सगळं त्याच्या हातात बसलेलं; लाकडाचा आवाज मात्र तो कधी शिकलाच नाही. घरातच जाणकार असताना शिकतो कोण? एकदाच त्याने आपलं घोडं पुढे दामटलं होतं. फळी दिसायला देखणी, रेषा सरळ, पण तिने नको म्हटलेली. तारांच्या ताणाने ती दांडी वर्षभरात अशी वाकली की बायको म्हणाली, "वाद्य करायला बसलात आणि धनुष्य केलंत." पुढे कितीतरी दिवस ती त्याला शिकारी म्हणूनच हाक मारत होती.

आताचं वाद्य लेकीचं होतं. जगाला वाद्यं करून दिली आणि घरची पोर अजून उसन्या वाद्यावर वाजवते, याची बोच त्याला होतीच. बाकी सगळं तयार होऊन खुंटीला लटकत होतं. अडलं होतं ते फक्त दांडीपाशी. लेक मुद्दाम त्यासाठीच आली होती आणि भुशाने माखलेल्या बाकाच्या कडेवर टेकून बघत होती.

त्याने पहिली फळी वाजवली. टक् टक्.

"दार वाजतंय," बायको म्हणाली.

"दार नाही गं, फळी आहे. कशी वाटते?"

"छान आहे."

त्याने दुसरी घेतली.

"अहो, दार वाजतंय. उघडा ना, बिचारं कोण केव्हाचं उभं असेल."

तिसरीलाही तेच. लेकीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाबा, घ्या कुठलीही. मला चालेल."

"तुला चालेल गं, दांडीला चालायला नको?" त्याचा आवाज चढला. फळी बायकोच्या अगदी कानाशी नेऊन त्याने जोरात वाजवली. "नीट ऐक ना! तुलाच कळतं हे, मला नाही कळत!"

ती दचकली. पदर मुठीत घट्ट धरून अंग आक्रसून बसली. कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता.

"असू दे, असू दे. बघतो हं दार," तो पुटपुटला.

त्याने जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तो उगाचच उंबऱ्यापलीकडे उभा राहिला. आत यायला पाय उचलेना. शेवटी वळला, तर ती खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून त्याच्याकडे बघत होती आणि हसत होती. कुणी परकं माणूस घरी आल्यावर हसतात तसं.

"या ना, बसा. हे घरात नाहीत. लेकीच्या वाद्याला लाकूड बघायला गेलेत."

तो कसाबसा म्हणाला, "आणतील ना चांगलं?"

"त्यांना काय कळतंय!" ती खुदकन हसली. "रंग बघून भुलतात नुसते. पण मला ऐकवल्याशिवाय नाही घ्यायचे."

"नाही," तो म्हणाला. "तुम्हाला विचारल्याशिवाय नाही घ्यायचे."

लेक डोळ्यांना ओढणी लावून आतल्या खोलीत निघून गेली. त्याने फळ्या एकेक करून पुन्हा भिंतीला टेकवल्या, आवाज न होऊ देता. दार उघडंच ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर अंग चोरून बसला.

"थांबता ना? येतीलच ते इतक्यात."

"थांबतो," तो म्हणाला.